शर्यत आणि संकल्प

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या स्नेहमेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या चालकांनी आज मला प्रवचन करण्यास सांगितलेले नाही. प्रवचन तुम्ही दर रविवारी ऐकताच. आणि ते ऐकताना कोण किती वेळा घड्याळाकडे पाहतो, हे वेदीवरून स्पष्ट दिसते. आज चालकांची आज्ञा निराळी आहे. “फादर, तुम्ही वसई-विरारच्या शर्यतीत धावलात, ती हकीकत सांगा,” असे त्यांनी सुचविले. चोपन्न वर्षांच्या, पोट किंचित पुढे आलेल्या धर्मगुरूने अर्धी विजार घालून भर रस्त्यातून धावावे, हीच मुळी कित्येकांस करमणुकीची गोष्ट वाटली असेल. वाटू द्या. हकीकत मी सांगतो; परंतु ती विजयाची नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवतो. तिचा पूर्वार्ध तर सरळसरळ फजितीचा आहे. आणि मला जे काही सांगावयाचे आहे, ते त्या फजितीवाचून मला स्वतःलाच कधी कळले नसते.

प्रथम ही शर्यत कोणती, ते सांगितले पाहिजे. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या क्षेत्रात २०११ सालापासून ‘महापौर मॅरेथॉन’ भरू लागली. करोनाच्या साथीने तिच्यात खंड पडला, पण ती बंद पडली नाही. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. अर्ध-मॅरेथॉन म्हणजे त्याच्या निम्मे अंतर, २१ किलोमीटर आणि वर सुमारे शंभर मीटर. त्याहून लहान पल्ल्याच्या धावाही त्याच दिवशी असतात. सैन्यदलातील व निरनिराळ्या राज्यांतील नामांकित धावपटू बक्षिसासाठी येतात. आणि त्यांच्या मागून शिक्षक, कारकून, दुकानदार, शेतकरी, गृहिणी व पेन्शनर अशी हजारो साधी माणसे धावतात. त्यांना बक्षीस मिळावयाचे नसते, आणि मिळणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. मग ती धावतात कशासाठी? माझ्या आजच्या बोलण्याचा विषय हाच.

हे ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर आले कोठून, हेही मुलांनी ऐकून ठेवावे. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिम्पिक सामने प्रथम भरले, तेव्हा मॅरेथॉनचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर होते, आणि ती शर्यत स्पिरिदोन लुईस नावाच्या एका ग्रीक पाणक्याने जिंकली. पुढे १९०८ साली लंडन येथे शर्यतीचा आरंभ विंडसरच्या राजवाड्यापाशी व्हावा आणि शेवट क्रीडांगणात राजघराण्याच्या सज्जासमोर व्हावा, अशी योजना झाली. त्या सोयीने जे अंतर भरले, तेच १९२१ साली कायमचे ठरविण्यात आले. म्हणजे ज्या मापापुढे आज सारे जग मान तुकविते, ते एका राजाच्या सज्जाच्या सोयीने ठरलेले आहे! तेव्हा मापाला स्वतःचे असे पावित्र्य नाही. पावित्र्य असेल तर ते स्वीकारलेले माप इमानाने पाळण्यात आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता माझ्याकडे वळतो. २०२३च्या जानेवारीत रक्ततपासणीचा कागद माझ्या हाती पडला. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि मागील तीन महिन्यांचा अंदाज सांगणारा तो तिसरा आकडा, असे तिन्ही मर्यादेच्या पलीकडे गेले होते. तुम्ही म्हणाल, आश्चर्य ते काय! बाप्तिस्मा असो, लग्न असो, घराला आशीर्वाद द्यावयाचा असो, धर्मगुरू दारात आला की गोडाची बशी पुढे येते. नाही म्हटले तर यजमान हिरमुसतात. होय म्हटले तर शरीर हिशेब मांडून ठेवते. डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, “फादर, तुम्ही लोकांना चाळीस दिवसांचा उपवास सांगता, स्वतःला रोज चाळीस मिनिटे चालणे सांगा.” औषधे दिली ती निराळीच.

मी पहाटे चालू लागलो. बोईसरमध्ये चालावयाचे तर पहाटेच चालले पाहिजे. एकदा पहिल्या पाळीची वेळ जवळ आली, की कामगारांच्या बसगाड्या, मालमोटारी व दुचाक्या ह्यांनी तारापूर औद्योगिक वसाहतीचे रस्ते भरून जातात, आणि पायी चालणाऱ्या माणसाने गटाराच्या कडेकडेने जीव मुठीत धरून जावे लागते. साडेपाच वाजता मात्र तोच रस्ता मोकळा असतो. कारखान्यांचे दिवे जळत असतात, हवेत औषधांचा व रसायनांचा वास तरंगत असतो, आणि रात्रपाळीचा एखादा पहारेकरी चहाचा पेला हातात धरून आपल्याकडे संशयाने पाहत असतो. सुट्टीच्या दिवशी मी चिंचणीच्या किनाऱ्यावर जाई. ओहोटीच्या वेळी तेथील ओली वाळू घट्ट असते आणि गुडघ्यांस धक्का कमी बसतो. पालघरला काही काम निघाले, तर तेथल्या पाचबत्तीच्या हुतात्मा चौकापासून चालण्यास आरंभ करी. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरात गोळ्या झेलून जे पाच जण पडले, त्यांच्या स्मारकापाशी उभे राहून ‘आज कंटाळा आला आहे’ असे म्हणण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

दोन-तीन महिन्यांनी चालण्याचे धावणे झाले, आणि त्याच सुमारास मला एक सोबती मिळाला. आपल्या धर्मग्रामातील हे गृहस्थ एका कारखान्यात पाळीने काम करतात. त्यांची हकीकत मी त्यांच्या अनुमतीने सांगत आहे. नाव सांगणार नाही. आणि ज्यांनी ओळखले असेल, त्यांनी ते आपल्या मनातच ठेवावे. पापनिवेदनात ऐकलेले ह्यात काही नाही. त्यांनी ते आपण होऊन, मोकळ्या रस्त्यावर, चालता चालता मला सांगितले आहे. बारा वर्षे त्यांना दारूचे व्यसन होते. सोडून पाच महिने झाले होते. मी सहज विचारले, “तुम्ही धावण्याच्या मागे कसे लागलात?” ते म्हणाले, “फादर, पहाटे पाचला उठायचे म्हटले, म्हणजे रात्री नऊलाच झोपावे लागते. आणि माझा घात होतो तो नऊ ते अकराच्या मध्ये.” सेमिनरीत मी नीतिशास्त्र शिकलो, मोहाच्या प्रसंगापासून दूर राहावे ह्यावर अनेक व्याख्याने ऐकली, परंतु इतक्या थोडक्या शब्दांत ते तत्त्व मला कोणी समजावून दिले नव्हते.

आम्ही दोघांनी डिसेंबरच्या अर्ध-मॅरेथॉनसाठी नावे नोंदविली. तयारी चांगली चालली. पण शर्यतीला तीन आठवडे उरले असता ते एकाएकी येईनासे झाले. चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दारातच कारण कळले. पाय घसरला होता. आणि येथे मी जे केले, ते आज सर्वांसमक्ष सांगतो. मी त्यांना समजावले नाही. मी त्यांना बोललो. “मनात असते तर झाले असते,” असे मी म्हणालो. त्यांची पत्नी दाराआड उभी होती, लेकरे आत अभ्यास करीत होती, आणि ते मान खाली घालून ऐकत होते. मला वाटले, मी धर्मगुरूचे कर्तव्य केले. खरे पाहता माझा सोबती गेला ह्याचा मला राग आला होता, आणि त्या रागाला मी उपदेशाचा झगा चढविला होता.

शर्यतीला मी एकटा गेलो. आरंभाच्या ठिकाणी जी गर्दी, जो ढोल-ताशांचा गजर आणि जो उत्साह होता, त्याचे वर्णन काय करावे! इशारा होताच समुदाय लोटला आणि मीही त्याच्याबरोबर लोटलो. सरावात मी एका किलोमीटरास आठ मिनिटे घेत असे. त्या दिवशी पहिले पाच किलोमीटर मी एकतीस मिनिटांत कापले. शेजारून जाणारा प्रत्येक जण मला आव्हान देत आहे असे वाटे. एखादा पांढऱ्या केसांचा गृहस्थ पुढे गेला, की माझे पाय आपोआप त्वरा करीत. मनात म्हटले, माझ्या अंगी एवढी शक्ती होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता!

शक्ती नव्हतीच, ती उसनवारी होती. स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, तो मंद गतीने जपून वापरला तर पुष्कळ वेळ पुरतो. गती वाढली की तो झपाट्याने सरतो. त्यातून आपल्या किनाऱ्याची हवा दमट; घाम गळतो, पण वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. अकराव्या किलोमीटरास पाय जड झाले. चौदाव्यास मी चालू लागलो. सतराव्यास पोटरीत असा गोळा आला, की रस्त्याच्या कडेला मी मटकन खाली बसलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. स्वयंसेवक धावत आले, कोणी साखरेचे पाणी पाजले, आणि मला रुग्णवाहिकेत बसविण्यात आले. मधुमेह असलेल्या माणसाने हट्ट करू नये, असे तेथल्या डॉक्टरांनी सांगितले. मी हट्ट केला नाही. हट्ट करण्याइतके त्राण उरलेच नव्हते.

त्या गाडीच्या काचेतून मी बाहेर पाहत होतो. ज्यांना मी पहिल्या पाच किलोमीटरांत मागे टाकले होते, ती सारी मंडळी एकामागून एक पुढे चालली होती. पन्नाशीची एक बाई, पदर खोचलेला, पायांत साधे कापडी बूट, धावत नव्हती आणि थांबतही नव्हती. एका लयीत आपली जात होती. तिने मला आरंभी पाहिले असेल तर म्हटले असेल, हा बाबा कोठे आग विझवावयास निघाला आहे! आणि त्याच क्षणी माझेच वाक्य माझ्या शेजारी येऊन बसले: मनात असते तर झाले असते. मनात होते हो! मनात पुष्कळ होते. पायांत नव्हते. मग जो माणूस बारा वर्षांच्या सवयीशी झुंजताना एका रात्री खाली बसला, त्याच्या मनात नव्हते असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

पुढच्या बुधवारी संध्याकाळी मी लंगडत त्यांच्या घरी गेलो. मी म्हणालो, “मी शर्यत अर्ध्यावर सोडली. तुम्हांला जे बोललो, त्याबद्दल क्षमा मागण्यास आलो आहे.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाय कसा आहे, फादर?” चहा झाला. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “उद्या पहिली पाळी आहे. परवा येतो.”

परवा ते आले. आम्ही तीन किलोमीटर चाललो. धावलो मुळीच नाही. येथून हकीकतीचा उत्तरार्ध सुरू होतो.

ह्या वेळी आम्ही प्रथम वही केली. मुलांनो, संकल्प हा मनात ठेवावयाचा नसतो. मनात ठेवलेला संकल्प रोज रात्री थोडाथोडा आकसतो. तो लिहावा, आणि त्याला आकडा व तारीख असावी. मी लिहिले: २०२४च्या डिसेंबरात अर्ध-मॅरेथॉन, २ तास ४५ मिनिटांच्या आत. भागाकार केला, किलोमीटरास ७ मिनिटे ४९ सेकंद. जगाच्या दृष्टीने हा वेळ हसण्यासारखा आहे. परंतु डॉक्टरांना विचारून, वय, वजन व साखर ह्यांचा विचार करून काढलेले ते माझे माप होते. मग मी वही सोबत्यापुढे केली. त्यांनी काही आकडा लिहिला नाही. त्यांनी लिहिले: ‘त्या दिवशी आरंभाच्या रेषेवर शुद्धीत उभे राहणे.’ मी विचारले, “आणि शेवटच्या रेषेचे काय?” ते म्हणाले, “फादर, तिथपर्यंत पाय नेतील. माझी शर्यत आधीची आहे.”

त्या वर्षी आम्ही धावणे शिकलो म्हणजे सावकाश धावणे शिकलो. चार मिनिटे धावावे आणि एक मिनिट चालावे; आठवड्यातून एकदाच लांबचा पल्ला घ्यावा, तोही दर खेपेस एखाद्या किलोमीटरानेच वाढवावा; आणि तीन आठवडे वाढविला की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावा, म्हणजे हाडे व स्नायू यांस सावरण्यास अवसर मिळतो. धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे; दम लागून वाक्य तुटले, तर समजावे की गती आपली नव्हे. खिशात साखरेची पुडी ठेवावी. पावसाळ्यात रस्त्यातील खड्डे पाण्याखाली दडतात, तेव्हा आम्ही देवळाच्या आवारात फेऱ्या घातल्या. सकाळच्या मिस्सेला लवकर येणाऱ्या आजीबाई खांबाआडून पाहत आणि म्हणत, “फादरना झाले आहे तरी काय?” रात्रपाळीच्या आठवड्यात सोबती येत नसत, तेव्हा मी एकटाच जाई आणि वहीत त्यांच्या नावापुढे ‘कामावर’ असे लिही. ‘गैरहजर’ असे कधी लिहिले नाही.

त्याच दिवसांत मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगितली, ती तुम्हांलाही सांगतो. बेळगावचे फडेप्पा चौगुले हे १९२० साली अँटवर्प येथील ऑलिम्पिक सामन्यांत मॅरेथॉन धावले. त्यापूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची मुले अनवाणी कशी धावतात, हे सर दोराबजी टाटा ह्यांनी पाहिले होते. आणि ह्या मुलांना जगापुढे न्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातूनच भारताचा संघ ऑलिम्पिकला गेला. अँटवर्पचे अंतर नेहमीपेक्षाही अधिक, सुमारे ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन पहिले आले, २ तास ३२ मिनिटांत. चौगुले २ तास ५० मिनिटांत पोहोचले. त्यांचा क्रमांक एकोणिसावा. पदक नाही, हार नाही. परंतु विचार करा: परका देश, परके हवामान, परके अन्न, आणि अठरा जण आपल्या आधी पोहोचले असताना हा माणूस शेवटपर्यंत धावला. शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी त्यांचे नाव आपण घेत आहोत, ते पहिले आले म्हणून नव्हे.

आणि जिंकणारेही ह्याच मातीतून निघतात, हेही मुलींनी विसरू नये. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा नावाच्या आदिवासी पाड्यावर जन्मलेल्या कविता राऊत ह्यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. डोंगरातल्या पायवाटांनी त्यांचे पाय घडविले. जव्हार-मोखाड्याच्या, तलासरीच्या पाड्यांवर आजही शाळेसाठी कोसभर चालणाऱ्या मुली आहेत. त्यांना आपण बूट देऊ शकलो नाही, तरी ‘मुलीने धावून काय करायचे’ हा प्रश्न तरी विचारू नये.

असो. २०२४चा डिसेंबर आला. आगमनकाळातील रविवार, धर्मगुरूने आपला धर्मग्राम सोडून जावे तरी कसे? शेजारच्या एका धर्मगुरूंनी माझ्या मिस्सा पत्करल्या, म्हणून मी जाऊ शकलो. त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. शनिवारी दुपारी आम्ही दोघे बोईसरहून लोकलने निघालो. २०१३ साली विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली, त्याआधी असा प्रवास किती अडचणीचा होता, हे तुमच्यापैकी जुन्या मंडळींस ठाऊक आहे. रात्री वसईत एका मित्राकडे मुक्काम केला. नऊ वाजता सोबती झोपी गेले. मी मात्र जागा होतो; नऊ ते अकरा मी जपमाळ हातात धरून बसलो होतो, आणि खरे सांगायचे तर माझ्या शर्यतीची काळजी त्या दोन तासांत मला एकदाही वाटली नाही.

पहाटे आम्ही आरंभाच्या रेषेवर उभे राहिलो. थंडी बेताची होती. छातीवर क्रमांकाचा कागद; वेळ नोंदविणारी बारीक चकती त्यालाच जोडलेली. सोबत्यांनी एकवार सभोवार पाहिले, डोळे पुसले, आणि म्हणाले, “फादर, माझे काम झाले.” इशारा व्हावयाचा होता. एक पाऊलही अजून पडले नव्हते. आणि त्या हजारोंच्या समुदायात पहिला संकल्प पुरा झालेला माणूस माझ्या शेजारी उभा होता!

मी त्यांना म्हटले, “आता तुम्ही तुमच्या गतीने जा, माझ्यासाठी थांबू नका.” ते गेले. मी मागे राहिलो. लोंढा गेल्या वर्षीसारखाच लोटला. शेकडो जण मला मागे टाकून गेले, आणि मी त्यांना जाऊ दिले. बंधुभगिनींनो, ‘जाऊ दिले’ हे दोन शब्द म्हणावयास सोपे आहेत. पण त्या साऱ्या शर्यतीत त्याहून कठीण असे मी काही केले नाही. पहिले पाच किलोमीटर बरोबर चाळीस मिनिटांत झाले. संकल्पापेक्षा जवळजवळ एक मिनिट मागे. मी घाबरलो नाही. उजाडत होते. रस्त्याच्या दोहो बाजूंस गावे जागी झाली होती. शाळेची मुले टाळ्या वाजवीत होती, कोणी केळी व संत्र्याच्या फोडी पुढे करीत होते, स्वयंसेवक पाण्याचे पेले भरून उभे होते. हे पाणी देणारे रात्रीपासून तेथे राबत होते. त्यांच्या गळ्यात कोणी पदक घालीत नाही. मॅरेथॉन एकट्याची असते असे ज्यास वाटत असेल, त्याने एकदा पाण्याच्या टेबलामागे उभे राहून पाहावे.

पंधराव्या किलोमीटरापर्यंत मी गेलेला वेळ भरून काढला. सतरावा जवळ आला तेव्हा मात्र छाती धडधडू लागली. ती जागा मला ठाऊक होती. ती दिसली, आणि ती अगदी साधी होती: एक भिंत, एक झाड, आणि जेथे मी बसलो होतो तो कठडा. थोडे पुढे लाल लुगडे नेसलेल्या एक आजी घराच्या पायरीवर बसल्या होत्या. मी धर्मगुरू आहे हे त्यांना कळण्याचे कारण नव्हते. त्या म्हणाल्या, “चल बाबा, आता थोडेच राहिले.” तीस वर्षे मी लोकांच्या शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी बसून असेच काहीसे बोलत आलो आहे. ते ऐकणाऱ्यास कसे वाटते, हे त्या दिवशी प्रथम कळले.

मी २ तास ४३ मिनिटांत पोहोचलो. संकल्पाच्या दोन मिनिटे आधी. पहिला आलेला तरुण माझ्या निम्म्याहून कमी वेळात पोहोचून, बक्षीस घेऊन, बहुधा आंघोळही करून मोकळा झाला असेल. सोबती २ तास २१ मिनिटांत पोहोचले होते. ते एका हातात पाणी व दुसऱ्या हातात केळे घेऊन माझी वाट पाहत उभे होते. आम्ही काही बोललो नाही. दोघांच्याही पायांत गोळे आले होते.

सांगण्यासारखे आता थोडे उरले आहे. माझी साखर आज मर्यादेत आहे, परंतु औषध चालूच आहे; धावण्याने रोग नाहीसा झाला, असे मी कोणास सांगणार नाही, आणि डॉक्टरांच्या तपासणीवाचून कोणी धावू लागू नये हे मात्र निक्षून सांगेन. सोबत्यांचेही तसेच. ते आजही दिवस मोजतात. वर्षे मोजीत नाहीत. संकल्प एकदा पुरा झाला म्हणजे कायमचा पुरा झाला, असे ह्या जगात नसते. उद्या पहाटे तो पुन्हा नवा असतो.

ज्या करिंथ नगरीच्या लोकांना संत पौलाने पत्रे लिहिली, त्या नगरीजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत, आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. म्हणून त्या लोकांना धावण्याचा दृष्टान्त लगेच समजला. परंतु आयुष्याच्या अखेरीस तोच संत जेव्हा आपल्या धावेविषयी लिहितो, तेव्हा आपण पहिले आल्याचा दावा तो करीत नाही. ती शेवटास नेल्याचेच समाधान सांगतो. सेमिनरीत मी हे वचन मूळ ग्रीक भाषेसह शिकलो होतो. त्याचा अर्थ मात्र मला सतराव्या किलोमीटराच्या कठड्यावर बसून कळला.

आपल्या धर्मग्रामाला पंचवीस वर्षे झाली. वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून, आणि येथल्याच पाड्यांवरून आपण ह्या कारखान्यांच्या गावी एकत्र आलो. प्रत्येकाची चाल निराळी. कोणी पुढे गेला, कोणी मागे राहिला, कोणी रस्त्याच्या कडेला खाली बसला आहे. पुढे गेलेल्याचा हेवा करू नका, आणि खाली बसलेल्यास ‘मनात असते तर’ असे म्हणू नका. त्याला पाणी द्या. आणि पाय कसा आहे, ते विचारा.

उद्या पहाटे साडेपाच वाजता देवळाच्या फाटकापाशी आम्ही दोघे उभे असू. ज्याला यावयाचे असेल त्याने यावे. पहिल्या दिवशी तीन किलोमीटर, आणि तेही चालतच.